अंगावरची हवा

डिसेंबर सरत आला आणि पारा दहाच्या खाली उतरला, की पहाटे आमच्या शहरातली गोगाबाबा टेकडी चढणारी माणसं पाहत राहावीशी वाटतात. पायथ्याशी सगळी एकसारखीच असतात. कानटोपी, गळ्याभोवती दोन वेढे दिलेला मफलर, घरी विणलेला स्वेटर, त्यावर मुलाचं कॉलेजातलं जुनं जॅकेट, हात खिशात खोल गेलेले. बोलणं कमी, खोकणं जास्त. पहिला चढ संपेस्तोवर मफलर सैल होतो. मग जॅकेटची चेन गळ्यापासून छातीपर्यंत खाली येते. अर्ध्या वाटेवर जॅकेट निघतं आणि बाह्यांची गाठ कमरेला बसते. कानटोपी बहुतेकांची शेवटपर्यंत टिकते. ती काढायला माणसं का कचरतात कोण जाणे. माथ्यावर पोचावं तर पाठीतून वाफ निघत असते आणि खाली मकबऱ्याच्या घुमटावर ऊन उतरत असतं. दोन-चार मिनिटं मोठी सुखाची जातात. मग पठारावरचा वारा घामेजल्या पाठीला शिवतो आणि कमरेची गाठ सोडून जॅकेट पुन्हा अंगात जातं. हे कुणी कुणाला शिकवलेलं नसतं, कुणी त्याबद्दल बोलतही नाही.

त्याच सुमाराला खाली रस्त्यावरून आसपासच्या खेड्यांतले दूधवाले मोटारसायकली हाकत शहरात शिरत असतात. एकदा टपरीवर चहासाठी थांबलेल्या अशा एकाने स्वेटरखालून घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलं. आख्खा पेपर, छातीच्या मापाने दुमडलेला, शर्ट आणि स्वेटर यांच्या मधे नीट बसवलेला. स्वेटरच्या विणीतून वारा आरपार जातो, कागदातून जात नाही. चहा होईस्तोवर त्याने तो उलगडून वाचला, पुन्हा तशीच घडी घातली, सदऱ्यावरून हात फिरवून कागद सपाट केला आणि निघाला. त्याची ती घडी माझ्या डोक्यात फार दिवस राहिली. महागड्या जॅकेटच्या दुकानात गेलो तरी आधी तीच आठवते.

आमचं शहर तसं उन्हाचं. कपड्यांबद्दलचं आमचं बरंचसं शहाणपण उन्हापायी खर्च झालेलं आहे. मार्च लागला की दुचाकीवरच्या बायका-मुली डोळे तेवढे उघडे ठेवून बाकी सगळं झाकून घेतात: डोक्या-तोंडाला स्कार्फ, अंगात पांढरा सनकोट, हातांना कोपरापर्यंत मोजे. बाहेरगावच्या पाहुण्याला नवल वाटतं, की एवढ्या उकाड्यात एवढे कपडे कशाला. पण मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा भोवतालची हवाच अंगापेक्षा तापलेली असते. तिच्यापुढे उघडं अंग ठेवणं म्हणजे तिला आवतण देणं. सैल सुती कापडाच्या आत जी थोडीशी हवा राहते, घामाने ओलसर झालेली, तेवढीच काय ती आपली. शेतातला माणूस डोक्याला मुंडासं बांधतो तेही त्याच हिशेबाने. आणि घरोघरी खिडकीत घरघरणारा कूलर तरी दुसरं काय करतो? वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून हवा ओढतो, पाणी उडतं, उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. पाण्याच्या उडून जाण्यावर आमचा आख्खा उन्हाळा निभावतो.

म्हणून हिमालयात जेव्हा पहिल्यांदा बर्फावर चालायला शिकलो, तेव्हा या उडून जाणाऱ्या पाण्याचं दुसरं रूप पाहून मी थबकलो. जोशीमठच्या घरांना तडे गेल्याच्या बातम्या २०२३ च्या जानेवारीत आल्या, त्याच्या आधीची ही गोष्ट. जोशीमठहून वर औलीला गेलं, की देवदार आणि ओकच्या जंगलाच्या वर बर्फाचे उतार लागतात आणि समोर नंदादेवी उभी असते, ७,८१६ मीटरची. स्कीइंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सर्रकन खाली येणारी माणसं येतात. वर जायचं ते पाळण्यात बसून. पण स्कीची मूळ रीत तशी नाही. जिथे पाळणे नाहीत, तारा नाहीत, मळलेली वाट नाही, तिथे आपल्याच पायांनी डोंगर चढायचा आणि मग उतरायचं, ही ती जुनी रीत. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. तिचे केस मागे वळलेले असतात, त्यामुळे पाऊल पुढे सरकवलं की घसरतं आणि भार दिला की बर्फाला धरून राहतं. पूर्वी ही पट्टी सीलच्या कातड्याची असे. आता नायलॉनची किंवा अंगोरा शेळीच्या लोकरीची असते. चढताना टाच सुटी, बोटांकडचा भाग तेवढा बांधलेला. असं एकेक पाऊल सरपटवत तासन् तास चढायचं. अंगाची भट्टी होते. भोवती शून्याच्या खाली दहा अंश आणि आत भट्टी, असा तो मामला.

आमचा शिक्षक तिथलाच, गढवाली, बुटका आणि विलक्षण शांत. त्याला सगळे भैजी म्हणत. पहिल्या संध्याकाळी त्याने आम्हाला बर्फ दाखवला नाही. खोलीत बसवलं आणि एकेकाच्या कॉलरमधून आत पाहिलं. "बनियान सूती है? उतारो." आम्ही बहुतेक महाराष्ट्रातले. बाळपणापासून अंगाला चिकटलेली पांढरी बनियान काढताना सगळ्यांचेच चेहरे अवघडले. तो हसला नाही. म्हणाला, पहाडात सुती कपडा घात करतो. मग त्याने एक सुती बनियान आणि एक लोकरीचा पातळ सदरा बादलीत बुडवले, पिळले आणि खोलीतल्या दोरीवर शेजारी-शेजारी टाकले. सकाळी सदरा जवळजवळ वाळला होता. बनियान पापडासारखी कडक झाली होती, आत अजून पाणी धरून.

मी कापसाच्या मुलखातला माणूस. आमच्याकडे कापूस हे नुसतं पीक नाही. शाळेची फी त्यावर, लग्नं त्यावर, कर्जही त्यावरच. बाळाची पहिली टोपडी सुती, आणि शेवटचं वस्त्रही सुतीच. तो अंगावरून उतरवून ठेवा, हे ऐकताना आत काहीतरी हललं. पण नीट विचार केला तेव्हा उमगलं, की कापसाचा जो गुण आम्हाला जगवतो तोच तिथे वैरी होतो. कापूस घाम पितो आणि सहजासहजी सोडत नाही. मे महिन्यात मानेवरचा ओला पंचा तासभर गार राहतो तो यामुळेच. एक ग्रॅम पाणी उडून जायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. तेवढंच पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत न्यायला लागते त्याच्या जवळजवळ सहापट. ही उष्णता कुठून तरी यायला हवी. उन्हाळ्यात ती तापलेल्या हवेतून येते आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. बर्फावर ती अंगातूनच जाते. शिवाय ओलं कापड नुसतं असलं तरी पुरे: स्थिर हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे २५ पट वेगाने वाहून नेतं. ओली बनियान घालून बर्फात थांबणं म्हणजे आपल्या अंगाची ऊब स्वतःच्या हाताने डोंगराला वाटून टाकणं.

लोकरीचं गणित वेगळं. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा ओलावा पोटात घेऊ शकतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. तंतू मुळातच वळणदार, एकमेकांवर सपाट बसत नाहीत. त्यांच्या मधल्या फटींत हवा अडकून राहते. खरी गोष्ट ती हवा आहे. कोणताही स्वेटर, कोणतीही रजाई स्वतःहून ऊब तयार करत नाही. ऊब आपल्याच अंगाची, आपण खाल्लेल्या भाकरीची. कपडा फक्त हवेला जागच्या जागी थांबवून धरतो, आणि थांबलेली हवा ती ऊब लवकर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ बरे. अंगालगतचा थर घाम बाहेर सरकवण्यासाठी, मधला हवा धरण्यासाठी, वरचा वारा आणि बर्फ अडवण्यासाठी. मधला थर जितका फुगीर आणि हलका तितका चांगला, आणि वरचा जितका पातळ आणि घट्ट विणीचा तितका. दूधवाल्याचा पेपर हा वरचा थर. त्याने तो स्वेटरच्या आत घातला एवढाच फरक.

हे सगळं कागदावर एका बैठकीत कळतं. अंगाला कळायला डोंगर लागतो. दुसऱ्या आठवड्यात भैजी आम्हाला औलीच्या वर, गोरसों बुग्यालच्या दिशेने घेऊन निघाला. निघायच्या आधी सगळे जाड जॅकेटं घालून उभे. त्याने ती काढून सॅकमध्ये भरायला लावली. पहाटेचा वारा, पातळ लोकरीचा सदरा आणि वर पंख्याच्या वाऱ्यानेही फडफडेल असं विंडचीटर. दात वाजायला लागले. "ठंड लग रही है?" त्याने विचारलं. लग रही है, म्हणालो. "ठीक है. चलो." बस, एवढंच. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, नाहीतर दहा मिनिटांत घाम फुटतो, हे तो कधी बोलून दाखवत नसे. चढ सुरू झाला आणि खरोखर दहा मिनिटांत बोटांत जीव आला. पाऊण तासाने तो मागे वळला, माझ्याजवळ आला आणि काही न बोलता मानेमागून कॉलरच्या आत दोन बोटं घालून पाठीला लावली. डॉक्टर नाडी पाहतात तसा त्याचा चेहरा होता. बोटं ओलसर लागली असावीत. त्याने माझ्या काखेखालच्या चेन उघडल्या, टोपी काढून माझ्याच खिशात कोंबली आणि पुढे निघाला. उघड्या डोक्यावर हवा लागली तेव्हा मला कळलं, की मी तापलो होतो. तोवर कळलं नव्हतं.

तिथपासून चढण्याचा वेग हाही अंगावरच्या कपड्यासारखाच सांभाळायचा असतो, हे लक्षात यायला लागलं. फार भराभर चढलं की घाम, फार रेंगाळलं की कुडकुड. आणि थांबायचं ठरलं, की थांबण्याच्या आधी नाही पण थांबल्या क्षणी, अंग अजून कढत असतानाच, सॅकमधलं पिसांचं जॅकेट काढून अंगात घालायचं. थंडी वाजण्याची वाट पाहायची नाही. वाजली तोवर उशीर झालेला असतो. आमच्यातला पुण्याचा एक मुलगा माथ्यावर पोचून फोटो काढत राहिला. भैजीने त्याचंच जॅकेट मागून त्याच्या खांद्यावर टाकलं, लहान पोराला टाकावं तसं. मग स्कीच्या तळाच्या पट्ट्या सोलून काढायच्या, डिंकाची बाजू डिंकाला लावून घडी घालायची आणि ती घडी जॅकेटच्या आत, छातीशी ठेवायची. डिंक गारठला तर पुढच्या चढाला चिकटत नाही. वर चढवणारी ती पट्टी उतरताना आपल्याच उबेत बसून येते. उतार काही मिनिटांत संपतो. तेवढ्यात वारा असा झोंबतो, की मघाशी याच अंगातून वाफ निघत होती यावर विश्वास बसत नाही.

त्या रात्री झोप लागेना. राहून राहून मामा आठवत होते, आणि ते का आठवतात हे आधी ध्यानात येईना.

मामांचं शेत गंगापूर तालुक्यात. रब्बीत गहू, हरभरा. शेतीपंपाची लाईट पाळीने: एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. गव्हाला पाणी जानेवारीत लागतं आणि रात्रपाळी आली की कडाक्याच्या थंडीत बाराला उठून दारं धरायला जावं लागतं. लहानपणी हट्ट करून मी त्यांच्यासोबत जात असे. त्यांच्या अंगात बनियान, सदरा, स्वेटर, डोक्याला मफलर आणि सगळ्यावर घोंगडी. खाली मात्र धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं आणि पाय उघडे, कारण दांडात उभं राहायचं. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं. बॅटरीच्या उजेडात दांडावर वाफ तरंगताना दिसे. वाफा भरत आला, की मामा घोंगडी बांधावर ठेवत, स्वेटरही ठेवत, आणि नुसत्या सदऱ्यावर खोऱ्याने माती ओढून एक दार बंद करत, दुसरं फोडत. ओल्या मातीचं खोरं जड असतं. तेवढ्या दोन-चार मिनिटांत त्यांच्या कपाळाला ओल येई. काम झालं, की ते लगेच स्वेटर चढवत, वरून घोंगडी घेत आणि बांधावर पऱ्हाट्यांची शेकोटी करून बसत. पुढचा वाफा भरेपर्यंत. मग पुन्हा सगळं काढायचं. रात्रभर हेच.

"मामा, काढता कशाला? थंडी वाजत नाही का?" मी एकदा विचारलं होतं.

"काम करताना कुठली थंडी? थंडी बसल्यावर येती. अन् घामावर आली की धरती, सोडत नाही."

मामांनी आयुष्यात बर्फ पाहिला नाही. पण औलीतल्या त्या खोलीत पडल्या-पडल्या मला दिसत होतं, की भैजी दोन बोटं पाठीला लावून जे तपासत होता ते मामा स्वतःच्या पाठीवरून तपासत होते, दर वाफ्याला. आणि त्यांच्या पाठीला सुती बनियान होती, पाय पाण्यात होते, वरच्या थराला चेन नव्हती. डोंगरावर हौसेने जाणाऱ्या माणसाला या गोष्टीचं भान असावं असं मला मनापासून वाटतं. आपण हजारो रुपयांचे थर घेऊन ज्या थंडीला भेटायला जातो, तिच्याशी गव्हाच्या बांधावर माणसं पोटासाठी गाठ घेतात. साप-विंचवाची भीती वेगळीच. दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची मागणी म्हणूनच इतकी जुनी आणि इतकी जिवाची आहे. आता फीडर सौरऊर्जेवर नेण्याची योजना आली आहे. जिथे ती पोचली तिथे दारं उन्हात धरता येतात.

मामांची ती घोंगडी अजून घरात आहे. काळी, काठाला पांढरी रेघ. दख्खनी मेंढरांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, धनगरांच्या बायका ती पिंजून-कातून सूत काढतात आणि सणगर ती खड्ड्याच्या मागावर विणतात. सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्याने ते ताठ होतं, वीण घट्ट बसते. नवी घोंगडी अंगाला टोचते. ती कातडीसाठी नाहीच, वर घ्यायची वस्तू आहे. पाऊस आला की तिचं एक टोक दुमडून डोक्यावर खोळ करायची. थेंब वर अडकतात, उतारावरून निथळतात, बराच वेळ आत येत नाहीत. आणि आले तरी ओली घोंगडी अंगाची ऊब सगळीच सांडू देत नाही. फक्त जड होते आणि मेंढराचा वास सुटतो. पाऊस बाहेर ठेवील पण घामाची वाफ बाहेर जाऊ देईल असं कापड करण्यासाठी प्रयोगशाळांनी बरीच वर्षं खर्ची घातली. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनचा तापवलेला दांडा झटक्यात ताणला आणि असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पडदा हाती लागला. आजची बहुतेक महाग जॅकेटं त्याच वाटेने आलेली आहेत. त्या शोधाचं मोल मी कमी मानत नाही. पण घोंगडीची खोळ मला जास्त जवळची वाटते, कारण ती एकाच वस्तूतून होते. अंथरूण तीच, पांघरूण तीच, पावसात छप्पर तीच.

अंगाला काय लागावं आणि बाहेर काय दिसावं, याचा फार बारीक विचार आमच्या शहरानेही केला होता, ते औरंगाबाद होतं तेव्हा. इथे मशरू विणला जाई. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, आणि वीण अशी की वरच्या अंगाला नुसतं रेशीम चमकावं आणि आतल्या अंगाला नुसतं सूत लागावं. शुद्ध रेशीम पुरुषाच्या अंगाला लागू नये असा मुसलमानांत धर्माचा दंडक, आणि दरबारी पोषाख तर रेशमाचा हवा; त्यातून ही एकाच कापडातली दोन कापडं जन्मली. हिमरू त्याचाच शेजारी. त्यात वेलबुट्टीचे जादा रेशमी धागे कापडाच्या पाठीमागे सैल सोडलेले असतात. हिमरूची शाल उलटी करून पाहावी: उजवीकडे नक्षी, डावीकडे मोकळ्या धाग्यांची मऊ गर्दी. त्या गर्दीत हवा राहते. शाल वजनाला हलकी आणि उबेला गोधडीसारखी लागते ती या डाव्या बाजूमुळे. शहरात आता मोजके माग चालू आहेत. दुकानात हिमरू विकणारे गिऱ्हाइकाला उजवी बाजू दाखवतात. मी नेहमी उलटवून मागतो.

अजिंठ्याला गेलो की पहिल्या लेण्याच्या छताकडे पाहताना मान दुखेपर्यंत उभा राहतो. खाली भिंतीवर पद्मपाणी आहे, अंगावर दागिने आणि इतकं तलम वस्त्र की असून नसल्यासारखं. हवेशी त्याचं काही भांडण नाही. वर छतावरच्या चौकटींत मात्र काही परदेशी माणसं बसली आहेत, प्याला हातात घेतलेली. डोक्यावर टोकदार टोपी, अंगात लांब बाह्यांचा अंगरखा, पायांत चक्क पट्ट्यापट्ट्यांचे मोजे. पाचव्या शतकातल्या कुणा चित्रकाराने ते मोजे इतक्या कौतुकाने रंगवले आहेत, की त्याने ते जवळून पाहिले असणार. वाघुर नदीच्या त्या घळीत उन्हाळ्यात दगड तापतो. तरी ही माणसं आपल्या मुलखातले थर काढायला तयार नाहीत. बंदरांवरून घाट चढून आलेले व्यापारी असतील. आपल्या गावची थंडी सोबत घेऊन फिरणाऱ्या माणसांबद्दल मला माया वाटते. मीही औलीच्या सॅकमध्ये सुती पंचा नेलाच होता. बर्फात त्याचं काही काम नव्हतं, पण रात्री उशाला घ्यायला तो लागतो.

थरांचंच बोलायचं तर, १९२२ साली एव्हरेस्टवर गेलेल्या ब्रिटिश तुकडीत जॉर्ज फिंच नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने हवाई फुग्याच्या कापडात पिसं भरून स्वतःसाठी कोट शिवून घेतला होता. सोबतचे लोकर आणि ट्वीडमधले लोक आधी हसले आणि वर थंडी पडल्यावर त्याच कोटाकडे पाहत राहिले. दोन वर्षांनी मॅलरी नावाचा गिर्यारोहक एव्हरेस्टवर गेला तो परतला नाही. त्याचा देह १९९९ मध्ये सापडला तेव्हा अंगावर रेशीम, लोकर, सूत आणि वर गॅबर्डीन असे पातळ-पातळ थर होते. पुढे त्या चिंध्यांवरून तसेच कपडे करून पाहिले गेले आणि ते वाटले होते त्यापेक्षा पुष्कळ चांगले निघाले. लोकरीच्या दोन थरांमध्ये रेशीम असल्यामुळे ते एकमेकांवरून घसरत, हात उचलायला जोर कमी लागे. हे वाचलं तेव्हा मला आमचे विणकर आठवले. रेशमाचा हा गुण त्यांच्या बोटांना नक्की ठाऊक असणार.

आमच्या उन्हाच्या गावातूनही माणसं एव्हरेस्टच्या शिखरावर गेली आहेत. पोलिस दलातले रफीक शेख २०१६ च्या मे महिन्यात पोचले. प्रा. मनीषा वाघमारे २०१७ मध्ये माथा दोनशे मीटरच्या आत आलेला असताना बिघडलेल्या हवामानामुळे मागे फिरल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा जाऊन चढल्या. शिखर गाठण्याच्या बातमीपेक्षा मला ते मागे फिरणं अधिक वेळा आठवतं. चाळीस अंशांत वाढलेल्या अंगाने उणे तीस अंशांत आपला हिशेब कसा बसवला असेल? तिथे अंगात पिसांचा डोक्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध सूट असतो. त्यात काढायला-घालायला थर फारसे उरत नाहीत. फक्त पुढे जायचं की वळायचं, एवढंच हातात राहतं.

गेल्या हिवाळ्यात बीडकडे जाताना वाटेवरच्या एका गावात एक म्हातारे विणकर भेटले. माग बंद होता. लोकरीला गिऱ्हाईक नाही, धनगर कातरलेली लोकर कधीकधी रानातच टाकून येतात, असं ते सांगत होते. बोलता बोलता त्यांनी माझ्या अंगातलं फ्लीसचं जॅकेट चिमटीत धरलं. "हे कशाचं?"

प्लास्टिकच्या बाटल्या वितळवून त्याचा धागा काढतात, मी सांगितलं. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. त्यांनी जॅकेट मागून घेतलं, उलटं केलं, एका जागी ताणून तोंडाला लावलं आणि जोरात फुंकर मारली. पलीकडे धरलेल्या आपल्याच तळहातावर त्यांना ती लागली. "वारं जातंय की आरपार."

जातं, म्हणालो. त्यावर दुसरं पातळ घालावं लागतं. मग मी त्यांना सगळंच सांगितलं: बर्फ, चढ, घाम, तीन थर. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी मी विचारलं, की असा मधला थर घोंगडीच्या लोकरीतून होईल का, हलका, अंगाबरोबर हलणारा, डोंगरावर घालता येईल असा.

ते बराच वेळ मागाकडे पाहत होते. "टोचणारी नाही चालायची. जावळाची लोकर घ्यावी लागंल, कोकराची पहिल्या कातरणीची. एका कोकराची मूठभर निघती. जमवायला दिवस लागतील." मग माझ्या खांद्यापासून मनगटापर्यंत त्यांनी वितीने मोजलं आणि मान हलवली. "बाह्या आम्ही कधी विणल्या नाहीत. पट्टी विणून देतो, शिंपी तुम्ही बघा. अन् गळा कसा, बंद का उघडा?"

उघडा, मी म्हणालो. छातीपर्यंत खोलता यायला हवा, चालता चालता.

"मग वीण तिथं सुटंल," ते म्हणाले, आणि लोकरीचं एक पेळू काढून त्याला बोटांनी पीळ देऊन पाहू लागले.